खातं आईच्या नावावर, पण ओटीपी कुणाच्या फोनवर?

(ज्यांना वाचायला जास्त सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित भाग. बोलण्यातली काटछाट केली आहे, बाकी सगळं जसंच्या तसं.)

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. घरी असाल तर आईला, मावशीला किंवा वहिनीला एक साधा प्रश्न विचारा. ‘तुझ्या बँक खात्याला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय?’

२०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना सुरू झाली. महिन्याला १५०० रुपये, थेट बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात. तेव्हा बँकांबाहेर, सेतू केंद्रांबाहेर लागलेल्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. बंद पडलेली खाती पुन्हा चालू झाली, केवायसी झालं. आता खातं बाईचं, पैसे बाईचे. पण पैसे जमा झाल्याचा मेसेज जर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येत असेल, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असेल आणि पिन त्यालाच माहीत असेल, तर ते खातं नक्की कुणाचं?

आजचा विषय हाच आहे. गुंतवणुकीच्या जगात याला ‘जेंडर लेन्स’ म्हणतात. म्हणजे पैसा गुंतवताना, कर्ज देताना, बँकेची एखादी योजना आखताना हे बघायचं की यातून स्त्री-पुरुषांमधली दरी कमी होते की वाढते. शब्द जड आहे, पण गोष्ट अगदी आपल्या घरातली आहे. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आत्ताच सांगून टाकतो: पैसा कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या हातात आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण बहुतेक वेळा पहिलाच विचारतो.

खातं उघडलं, पुढे काय?

आधी एक गोष्ट मान्य करू. खातं उघडणं ही छोटी गोष्ट नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला जन धन योजना सुरू झाली. आज या योजनेत ५० कोटींहून जास्त खाती आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त बायकांची आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एप्रिल, मे, जून असे तीन महिने बायकांच्या जन धन खात्यांत सरकारने दरमहा ५०० रुपये टाकले. खातीच नसती तर हे शक्य झालं नसतं.

पण खातं म्हणजे नुसतं दार. दार उघडल्यावर आत जे मिळतं, म्हणजे बचत, कर्ज, विमा, पेन्शन, ते कुणाचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय, हा पुढचा प्रश्न. आणि तो समजून घ्यायला आपल्याला साताऱ्यात जावं लागेल.

म्हसवडची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. दुष्काळी भाग. तिथे म्हसवडला चेतना सिन्हा राहतात. मूळच्या मुंबईच्या, लग्नानंतर गावात आलेल्या. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. ती रस्त्याच्या कडेला पाल टाकून राहायची. तिला रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. कशासाठी? पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकेने तिचं खातं उघडायला नकार दिला होता. रक्कम फारच लहान आहे म्हणून.

बघा, ती कर्ज मागत नव्हती. अनुदान मागत नव्हती. स्वतःचे पैसे सुरक्षित ठेवायला जागा मागत होती, आणि तेवढीही मिळाली नाही.

चेतनाताईंनी ठरवलं की बायकांची स्वतःची सहकारी बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण काय, तर अर्जावर सही करणाऱ्या बायकांपैकी अनेकींनी अंगठा उठवला होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा?

त्या बायका गावी परतल्या आणि लिहायला-वाचायला शिकायला बसल्या. दिवसभर काम, रात्री पाटी. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सरळ आव्हान दिलं: कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. नाही जमलं तर परवाना देऊ नका. पण तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय!

१९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

ही गोष्ट ऐकून ‘वा, काय जिद्द!’ असं म्हणून आपण पुढे जातो. मला यातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. या बायकांना व्याजाचा हिशोब आधीपासून येत होता. आठवडी बाजारात भाजी विकणारी, सावकाराकडून सकाळी पैसे उचलून संध्याकाळी परत करणारी बाई रोज व्याजच मोजत असते. तिला येत नव्हती ती अक्षरं. बँकेने अक्षरांवरून ठरवलं की तिला पैशातलं काही कळत नाही. म्हणजे चूक मोजमापात होती.

याच्या आधीही असा प्रयोग झाला होता. अहमदाबादला १९७४ मध्ये इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या ४ हजार बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची बँक उभी केली. हातगाडीवाल्या, कागद-काच-पत्रा गोळा करणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका. तिथेही बाकीच्या बँकांची अडचण हीच होती: या बायका त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नव्हत्या.

नियम सगळ्यांना सारखा, मग अन्याय कुठे?

हा प्रश्न कमेंटमध्ये नेहमी येतो. बँक तर कुणालाच नाही म्हणत नाही. कागदपत्रं द्या, तारण द्या, जामीनदार आणा, कर्ज घ्या. स्त्री असो की पुरुष, नियम एकच.

ठीक आहे. आता हा एकच नियम घेऊन एखाद्या गावात फिरून बघू. तारण म्हणून काय चालतं? जमीन किंवा घर. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? बहुतेक घरांत सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं. बाईकडे असतं ते सोनं, आणि तेही गहाण टाकायचं की नाही हे घर ठरवतं. जामीनदार कोण होणार? ज्याच्याकडे मालमत्ता किंवा पगार आहे तो. बँकेची वेळ काय? साधारण दहा ते चार. म्हणजे नेमकी शेतमजुरीची, दुकानाची आणि शाळेतून पोरं घरी येण्याची वेळ. बँक किती लांब? एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस. म्हणजे २०० रुपये भरायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची.

नियमात ‘स्त्री’ हा शब्द कुठेही नाही. पण प्रत्येक अट तिच्यापाशी येऊन अडते. जेंडर लेन्स लावून बघायचं म्हणजे हेच. अट कागदावर सारखी आहे का, एवढं बघून थांबायचं नाही. ती पार करायला कुणाला किती किंमत मोजावी लागते, ते बघायचं.

सातबाऱ्याची अडचण शेतकरी चळवळीने फार आधी ओळखली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ ही मोहीम चालवली. शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर करावा, असं त्यात आवाहन होतं. जमीन नावावर आली की बाईला पतही येते, हा त्यातला साधा हिशोब.

पासबुक नको, अंगठा हवा

पुन्हा म्हसवडला येऊ. माणदेशी बँक बायकांच्या दारापर्यंत जाऊन पैसे गोळा करायला लागली, कारण बायकांना बँकेपर्यंत यायला वेळ नव्हता. पण पासबुकाची एक अडचण निघाली. पासबुक घरात असलं की नवऱ्याला शिल्लक दिसते. शिल्लक दिसली की मागणी येते, कधी गोड बोलून, कधी मारहाण करून. म्हणून बायकांना घरात लपवावं लागणार नाही असा पर्याय हवा होता. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा पिन नंबर द्यायचं ठरत होतं. बायका म्हणाल्या, पिन नको. पिन कुणीही बघू शकतो, काढून घेऊ शकतो. अंगठा मात्र कुणाला चोरता येत नाही. चेतनाताईंनी २०१८ च्या आपल्या टेड भाषणात ही गोष्ट सांगितली आहे.

ज्या अंगठ्यामुळे परवाना नाकारला होता, तोच अंगठा आता सुरक्षित व्यवहाराची किल्ली झाला.

इथे एक सावधगिरीची सूचना मात्र आजच्या काळात द्यायलाच हवी. आधार आणि अंगठा वापरून पैसे काढण्याची जी सोय गावोगावी आहे, तिच्यात ठशांची नक्कल करून फसवणूक झाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. एमआधार ॲपवर किंवा यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ही सोय आहे. पैसे काढायचे असतील तेव्हा तात्पुरतं उघडायचं. आईला हे करून द्या, पण कसं करायचं ते तिलाही शिकवा. नाहीतर पुन्हा तेच, किल्ली तुमच्याच खिशात.

पैसे हातात आले की काय बदलतं?

‘हातात कुणाच्या’ या प्रश्नाने खरंच फरक पडतो का? यावर चांगले अभ्यास झाले आहेत. तीन सांगतो.

पहिला आपल्याच देशातला. मध्य प्रदेशच्या उत्तर भागात रोजगार हमीवर काम करणाऱ्या बायकांची मजुरी तेव्हा सहसा नवऱ्याच्या खात्यात जायची. रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारबरोबर एक प्रयोग केला. काही बायकांची स्वतःची खाती उघडली. काहींची मजुरी थेट त्या खात्यात वळवली. काहींना खातं कसं वापरायचं याचं छोटं प्रशिक्षणही दिलं. ज्यांना थेट मजुरी आणि प्रशिक्षण दोन्ही मिळालं, त्या बायका जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीवरही आणि बाहेरही. ज्या घरांत बाईने कामाला जाणं फारसं मान्य नव्हतं, तिथे फरक जास्त दिसला. नुसतं खातं उघडून दिलं तेव्हा मात्र एवढा परिणाम झाला नाही.

दुसरा युगांडातला. तिथे ब्रॅक नावाच्या संस्थेकडून छोटं कर्ज घेणाऱ्या बायकांमध्ये एमिली नव्हे, एमा रायली या अर्थतज्ज्ञ बाईंनी प्रयोग केला. काहींना कर्ज नेहमीसारखं रोख दिलं. काहींना तेच कर्ज त्यांच्या स्वतंत्र मोबाईल खात्यात दिलं. कर्ज तेच, व्याज तेच. आठ महिन्यांनी पाहिलं, तर मोबाईल खात्यात पैसे मिळालेल्या बायकांच्या धंद्याचा नफा सुमारे १५ टक्के जास्त होता. का? रोख रक्कम घरात आली की दहा जणांना दिसते. कुणाची फी, कुणाचं देणं, कुणाची गाडी. खात्यातले पैसे दिसत नाहीत, म्हणून ते ज्या कामासाठी घेतले त्या कामाला लागतात.

तिसरा अभ्यास एका जुन्या गैरसमजाला उत्तर देतो. काही देशांत असं दिसलं होतं की बायकांना धंद्यासाठी भांडवल दिलं तरी त्यांचा नफा वाढत नाही, पुरुषांचा वाढतो. लगेच निष्कर्ष निघाला की बायकांना धंदा जमत नाही. मग भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा तपासली गेली. तेव्हा कळलं की ज्या घरात नवऱ्याचाही धंदा आहे, तिथे बायकोच्या नावाने आलेले पैसे बरेचदा नवऱ्याच्या धंद्यात जातात. ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा आहे, तिथे तिला पुरुषाइतकाच फायदा होतो. धंदा तिला जमत होता. पैसे तिच्यापर्यंत पोचत नव्हते.

हप्त्याची तारीख कोण ठरवतं?

ताब्याइतकाच महत्त्वाचा असतो वेळ. छोट्या कर्जांचा हप्ता सहसा लगेच सुरू होतो, अगदी दोन आठवड्यांत. आता समजा एका बाईने शिलाई मशीन घेतलं. गिऱ्हाईक जमायला दोन-तीन महिने लागतात. हप्ता पंधरा दिवसांत आला तर ती मशीन घेणारच नाही. ती असं काहीतरी घेईल जे आज विकून उद्या पैसे येतील.

कोलकात्यात बायकांच्या छोट्या कर्जांवर हेच तपासलं गेलं. काहींना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, काहींना दोन महिन्यांनी. दोन महिन्यांची सवलत मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनी त्यांचा नफाही चांगलाच जास्त होता. पण या गटात कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणजे सवलत फुकट नसते, तिची किंमत कुणीतरी सोसावी लागते. सोसायची कुणी, बँकेने, सरकारने की गुंतवणूकदाराने, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे.

कर्ज मिळालं म्हणजे समानता आली?

नाही! आणि हे ठणकावून सांगायला हवं.

मायक्रोफायनान्सचा बहुतांश व्यवहार बायकांच्या नावावर चालतो. कागदावर ते फार छान दिसतं. पण २०१० मध्ये आंध्र प्रदेशात काय झालं ते आठवा. एकाच बाईला तीन-तीन, चार-चार कंपन्यांनी कर्ज दिली होती. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. बायकांना कर्ज का द्यायचं? त्या घर सोडून जात नाहीत, गटात लाज वाटते म्हणून फेडतात. हे कारण असेल तर ती समानता नव्हे. ती फक्त सोपी वसुली.

आपल्याकडेही ‘बचत गट’ आणि ‘मायक्रोफायनान्सचा गट’ यांची सरमिसळ होते. बचत गटात बायका आधी स्वतःचे पैसे साठवतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, व्याजही गटातच राहतं. नंतर बँक त्या गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ मध्ये ही जोडणी सुरू केली. आपल्या राज्यात माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, हेच काम करतं. मायक्रोफायनान्सच्या गटात मात्र बचत नसते. कंपनी कर्ज देते, गट म्हणजे एकमेकींवरचा दबाव.

घरात किंवा शेजारी कुणी असं कर्ज घेतलं असेल, तर रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम माहीत असू द्या:

– वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळणारं हे कर्ज विनातारण असतं. कुणी दागिना किंवा कागद अडकवून ठेवत असेल तर ते चूक आहे.
– घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत.
– मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही.
– वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, काहीच चालत नाही.
– व्याजाचा आणि शुल्काचा सगळा तपशील लेखी द्यावा लागतो, आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं.

व्याजावरून आठवलं, ‘फ्लॅट’ या शब्दाला फसू नका. समजा १२ हजार रुपये कर्ज, १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष. व्याज १४४० रुपये, म्हणजे महिन्याला ११२० चा हप्ता. ऐकायला १२ टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, आणि व्याज मात्र पूर्ण १२ हजारांवर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हेच व्याज वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातं. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: ‘घटत्या शिलकीवर किती टक्के?’

‘महिला’ हा शब्द लावला की झालं का?

आणखी एक उदाहरण. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईत भारतीय महिला बँक सुरू झाली. केंद्र सरकारने १००० कोटींचं भांडवल दिलं. हेतू चांगला होता. पण १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या वेळी सरकारने आकडे दिले होते: या बँकेने साधारण तीन वर्षांत बायकांना १९२ कोटींची कर्जं दिली, तर स्टेट बँक समूहाने त्याच काळात सुमारे ४६ हजार कोटींची.

आता या आकड्यांवरून ‘बायकांची बँक चालत नाही’ असं म्हणायचं का? मग म्हसवडची कशी चालते? माझं मत असं आहे की मोठ्या बँकेची छोटी प्रत काढून नावात ‘महिला’ लिहिल्याने काम भागत नाही. म्हसवडला बँक आठवडी बाजार आणि बायकांची कामाची वेळ बघून बांधली गेली. शिवाय देशातल्या बहुतेक बायका शेवटी साध्या सरकारी बँकेतच जाणार आहेत. तिथलं काउंटर बदललं तर फरक मोठा पडेल.

आणि समावेशक म्हणजे फक्त स्त्री-पुरुष एवढंच नाही. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना फॉर्मवर तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळा रकाना ठेवायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही बंदी नाही. शाखेत कुणी अडवलं तर हे सांगता आलं पाहिजे.

माझी एसआयपी आणि जेंडर लेन्स

आता तुमच्यापैकी जे दरमहा ५०० किंवा १००० ची एसआयपी करतात, त्यांचा प्रश्न: यात माझं काय काम?

जगात गुंतवणूकदार या दिशेने काही गोष्टी करत आहेत. २०१८ मध्ये जी-७ देशांच्या विकास वित्तसंस्थांनी ‘टू-एक्स चॅलेंज’ सुरू केलं, ३ अब्ज डॉलर उभे करायचं लक्ष्य ठेवून. कंपनीची मालकी बायकांकडे आहे का, वरच्या पदांवर त्या किती आहेत, कामगारांत किती आहेत, आणि तिच्या वस्तू-सेवेचा बायकांना खास उपयोग होतो का, अशा निकषांवर पैसा द्यायचा. २०१७ मध्ये सिंगापूरच्या शेअर बाजारात ८० लाख डॉलरचा ‘विमेन्स लाइव्हलीहूड बाँड’ आला. त्यातला पैसा आग्नेय आशियातल्या बायकांच्या रोजगारासाठी जाणार होता, आणि गुंतवणूकदाराला व्याजही मिळणार होतं.

आपल्याला मात्र यासाठी सिंगापूरला जायची गरज नाही. सेबीच्या नियमाप्रमाणे बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना दरवर्षी एक अहवाल द्यावा लागतो, बीआरएसआर नावाचा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो उघडा आणि तीन गोष्टी शोधा. एक, स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा मध्यम पगार किती. दोन, बाळंतपणाच्या रजेनंतर किती बायका कामावर परत आल्या आणि नंतर टिकल्या. तीन, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या.

तक्रारी शून्य असतील तर लगेच खूश होऊ नका. हजारो कर्मचारी असलेल्या कंपनीत शून्य तक्रारी याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की तक्रार करायला कुणी धजावत नाही. संचालक मंडळात एक बाई आहे का, एवढं बघूनही थांबू नका, कारण पहिल्या १००० कंपन्यांना एक स्वतंत्र महिला संचालक ठेवणं नियमानेच भाग आहे. रजेनंतर टिकलेल्या बायकांचा आकडा जास्त बोलका असतो.

जाहिरातीत गुलाबी रंग आणि ‘तिच्यासाठी खास’ असं लिहिलेली कुठलीही योजना दिसली, तर रंग सोडून व्याजदर, शुल्क आणि अटी बघा. साध्या योजनेपेक्षा काही चांगलं मिळतंय का? नसेल तर तो फक्त रंग आहे.

घरी करण्यासारखं

शेवटी आपल्या घरापुरतं, या आठवड्यात होण्यासारखं सांगतो.

आईच्या खात्याला तिचाच नंबर जोडा. तिच्याकडे साधा फोन असला तरी मेसेज येतो. पिन तिलाच ठरवू द्या, आणि तुम्ही तो विचारू नका. पहिले दोन-तीन व्यवहार तुम्ही शेजारी बसा, पण बटण तिने दाबायचं. वेळ लागेल. लागू द्या.

घर घ्यायचा विचार असेल तर हे माहीत हवं: महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर ६० हजार. पण ६० हजार वाचवायला घर तिच्या नावावर घ्यायचं आणि पुढचे सगळे निर्णय तिला न विचारता घ्यायचे, तर आपण पुन्हा पहिल्याच प्रश्नावर अडकलो.

घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खात्याचा विचार करा. वर्षाला किमान २५० रुपये, कमाल दीड लाख. त्याच वेळी तिच्या आईच्या नावावर काय आहे, हेही एकदा बघा. मुलीच्या लग्नाचे पैसे साठवणाऱ्या अनेक घरांत आईच्या म्हातारपणासाठी काहीच साठवलेलं नसतं.

आणि मुलींनो, तुम्ही कमावत असाल तर पगाराच्या खात्याचं लॉगिन, विम्याची कागदपत्रं, गुंतवणुकीचे पासवर्ड लग्नानंतरही तुमच्याकडेच राहू द्या. यात अविश्वासाचं काही नाही. नवरा आजारी पडला, नोकरी गेली, तर घर सावरायला तुम्हालाच हे सगळं माहीत असावं लागतं.

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न विचारलात की काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. नाव, खाते क्रमांक वगैरे काही टाकू नका हं! फक्त एवढंच सांगा की नंबर कुणाचा निघाला, आणि बदलायला बँकेत किती फेऱ्या माराव्या लागल्या. तुमच्या उत्तरांवर पुढचा एपिसोड करू.

भेटूया. काळजी घ्या.